गुन्हा रद्द होतो, तेव्हा फिर्यादीचे काय?

श्रोतेहो, 1 एप्रिल 1951 ही तारीख शाळेच्या इतिहासात सहसा आढळत नाही. सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई आपणांस ठाऊक असते. 1 नोव्हेंबर 1956 ची राज्य पुनर्रचना तर आपल्या सीमाभागातील मुलेही सांगतात. परंतु 1951 च्या त्या दिवशी बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, या जिल्ह्यांत एक मोठी गोष्ट शांतपणे घडली. हैदराबाद राज्याचा स्वतंत्र दंडविधी संपुष्टात आला आणि भारतीय दंडसंहिता लागू झाली.

मग आदल्या दिवसापर्यंत जुन्या कायद्याखाली ज्याने फिर्याद गुदरली होती, त्याचे काय झाले? ती बुडाली नाही. नवे कायदे लागू करणाऱ्या अधिनियमातच नमूद होते की, जुना कायदा रद्द झाला तरी त्याखालील जबाबदारी व चालू कामकाज यांस बाध येणार नाही. कायदा बदलताना मागे उभ्या असलेल्या माणसाची आठवण ठेवली गेली. पुढे 1956 साली निलंगा व उदगीर मुंबई राज्यात गेले, भालकी व औराद म्हैसूर राज्यात आले. दंडविधी मात्र दोहोंकडे एकच राहिला.

हा जुना प्रश्न आज पुन्हा उभा आहे. लहानसहान अपराध गुन्ह्यांच्या यादीतून वगळावेत, असा हल्ली कल आहे. हेतू चांगला आहे. क्षुल्लक चुकीसाठी कोणी तुरुंगाची वाट का धरावी? परंतु फौजदारी खटले दोन प्रकारचे असतात. एक पोलिसांनी चालविलेला. दुसरा खाजगी फिर्यादीचा. यात माणूस स्वतः दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो, शपथेवर हकीकत सांगतो, साक्षीदार आणतो, वकिलाचा खर्च सोसतो. साध्या खटल्यात तारखेला तो गैरहजर राहिला, तर आरोपी सुटूही शकतो. गुन्हा रद्द झाला म्हणजे सरकारचे एक काम कमी होते; या माणसाचा मात्र एक दरवाजा बंद होतो.

तो दरवाजा कोणी व कसा बंद केला, यावर पुष्कळ अवलंबून आहे. विधिमंडळाने कलम रद्द केले, तर 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमानुसार, वेगळा हेतू दिसत नसेल तर, चालू खटले चालूच राहतात. न्यायालयाने कलम घटनाबाह्य ठरविले, तर गोष्ट निराळी होते. व्यभिचाराचे कलम 497 घ्या. त्याची फिर्याद मुख्यतः पतीलाच करता येई. मुंबई राज्यातील यूसुफ अब्दुल अझीझ यांच्या खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. 27 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले, कारण त्यात पत्नीला पतीची मालमत्ता मानले होते. निर्णय न्याय्यच होता. पण त्यासरशी प्रलंबित फिर्यादींचा पाया निखळला. अशा पतीला घटस्फोटाचा दिवाणी मार्ग तेवढा उरला.

तिसरा मार्ग 2023 च्या जनविश्वास कायद्याचा. त्याने 42 कायद्यांतील 183 तरतुदी बदलल्या. 1986 च्या पर्यावरण कायद्यात कोणाही नागरिकास 60 दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात फिर्याद करता येत असे. 1 एप्रिल 2024 पासून तेथे कैदेऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला, आणि तो ठरविणारा न्यायाधीश नसून अधिकारी आहे.

आता आपल्या बाजारपेठेकडे वळू. कलबुर्गीची तूर दूरदूर जाते, आणि तिचे पैसे पुष्कळदा चेकने येतात. 1 एप्रिल 1989 पासून न वटलेला चेक देणे हा कलम 138 खाली गुन्हा आहे. याची फिर्याद पोलीस करीत नाहीत. ज्याचे पैसे अडकले त्यानेच ती करावयाची. 2019 अखेर देशात प्रलंबित असलेल्या 2 कोटी 31 लाख फौजदारी खटल्यांपैकी 35 लाखांहून अधिक या एकाच कलमाचे होते. जून 2020 मध्ये अर्थखात्याने हे कलम गुन्ह्यांतून वगळण्याची सूचना मांडली. व्यापाऱ्यांनी हरकत घेतली आणि कलम कायम राहिले. ते गेले असते, तर लहान अडत्याला रकमेप्रमाणे कोर्ट फी भरून दिवाणी दावाच लावावा लागला असता.

खाजगी फिर्यादीचा दुरुपयोग होत नाही असे नाही. वैर साधण्यासाठीही ती केली जाते. म्हणूनच 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आली. ही दुरुस्ती योग्य आहे. तिने दरवाजा बंद केला नाही. त्यावर फक्त पहारेकरी बसविला.

श्रोतेहो, एखादा गुन्हा रद्द झाल्याचे ऐकले म्हणजे आपण विचारतो, कोण सुटले? त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: फिर्याद कोणाची होती, आणि आता त्याने कोठे जावे? 1951 साली आपल्या जिल्ह्यांत कायदा बदलणाऱ्यांनी त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवले होते. नवा कायदा करणाऱ्यांकडून आपण याहून कमी अपेक्षा का ठेवावी?