तळटीप : विहिरीवरच्या इंजिनाचे नोझल

* नोझल : इंजेक्टरच्या टोकाचा, डिझेलचा फवारा करणारा भाग. कडेगावच्या दुष्काळी पट्ट्यात वीज पोचण्याआधी, आणि पुढे भारनियमनातही, विहिरीवर डिझेल इंजिनाचा आधार असे. अशा ५ हॉर्सपॉवरच्या इंजिनात नोझलला साधारण ३ भोके, प्रत्येक सुमारे ०.३ मिलिमीटरचे, तर भोकांकडची वाट बंद ठेवणारी आतली सुई उचलायला २०० बारच्या आसपास दाब लागतो. दाब उतरताच स्प्रिंगने सुई बैठकीवर घट्ट बसली पाहिजे. ती नीट न बसता डिझेल ठिबकले, तर ते थेंब टोकावर अर्धवट जळून कार्बन धरतात, भोके अरुंद होतात, फवारा वाकडा पडतो आणि इंजिन काळा धूर ओकू लागते. सुईखालच्या पोकळीत उरलेले डिझेलही असेच जळते; म्हणून नव्या रचनांत ती पोकळी शक्य तितकी लहान ठेवतात.

उपाय साधे आहेत : डिझेल गाळून भरावे, फिल्टर वेळेवर बदलावा, हलक्या लोडवर इंजिन तासन्‌तास चालवू नये. टोक पितळी ब्रशने साफ करावे, पॉलिशपेपर लावू नये. सुई आणि बॉडी जोडीने घासून बसवलेल्या असतात. एका नोझलची सुई दुसऱ्यात घालू नये. नोझलच्या चाचणीच्या फवाऱ्यापुढे हात मुळीच धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. — संपा.