दीपगृह शाबूत, खडक पोखरलेला

इंग्लंडमधल्या प्लिमथला समुद्राकाठच्या टेकाडावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं एक दीपगृह आहे. आता त्याच्या भरवशावर कुठलंही जहाज चालत नाही. मुळात ते इथलं नव्हेच. ते उभं होतं भर समुद्रात, वीसेक किलोमीटरवरच्या एडिस्टोन खडकांवर.

त्या जागेने आधी दोन दीपगृहं गिळली होती. पहिलं हेन्री विन्स्टनलीचं. सगळ्यात मोठं वादळ येईल तेव्हा आपण आत असावं, असं तो म्हणायचा म्हणे. १७०३ साली ते आलं, तो आतच होता, आणि दोघांपैकी काही उरलं नाही. दुसरं बहुतांश लाकडी. ते १७५५ साली जळालं.

मग काम आलं जॉन स्मीटनकडे. वय तिशीच्या जरा पुढे, मूळ धंदा उपकरणं बनवण्याचा. (माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे आणि मला साधी भिंत बांधता येत नाही.) त्याने आकार घेतला ओकच्या बुंध्यावरून, खाली रुंद, वर निमुळता. दगड असे घडवले की एक दुसऱ्याच्या खाचेत अडकून बसेल. खरी अडचण होती चुन्याची. साधा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही, आणि इथे तर लाटा सतत अंगावर. चुनखडी जितकी कठीण तितका चुना पक्का, अशी तेव्हाची समजूत. स्मीटनने ठिकठिकाणची चुनखडी तपासली, चुन्याचे गोळे पाण्यात ठेवून पाहिले. टिकला तो चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा चुना. लोक जिला भेसळ म्हणाले असते, तीच कामाची निघाली! पुढे सिमेंटपर्यंत जाणारी वाट इथूनच गेली.

१६ ऑक्टोबर १७५९ला दिवा लागला. दिवा म्हणजे चोवीस मेणबत्त्या.

शंभरेक वर्षांनी मोठी लाट आदळली की दीपगृह हलू लागलं. १८७७च्या सुमारास कारण स्पष्ट झालं: बांधकाम ठणठणीत होतं, खालचा खडक लाटांनी पोखरला होता. इथे मी वाचता वाचता थांबलो. दोन वर्षं खपून लिहिलेली माझी पहिली सिस्टीम अशीच गेली. कोड चालत होता, ज्या प्लॅटफॉर्मवर तो उभा होता तोच बंद झाला. मी मात्र कित्येक महिने स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत होतो.

१८८२ साली शेजारच्याच खडकावर जेम्स डग्लसचं नवं दीपगृह सुरू झालं. जुन्याचा वरचा भाग दगड-दगड उतरवून, लोकवर्गणीतून प्लिमथला पुन्हा उभारला. खालचा बुंधा तिथेच राहिला. नव्या दीपगृहाच्या फोटोत तो बाजूला दिसतो.

तो पोखरलेला खडक अजून पडलेला नाही.