पेनिसिलीन ॲलर्जी आणि अतिदक्षता उपचार

पेनिसिलीन गटातील प्रतिजैविकांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेली अतिसंवेदी प्रतिक्रिया. तिचा तत्काळ प्रकार बहुधा तासाभरात दिसतो : अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, रक्तदाब घसरतो. केवळ मळमळ किंवा जुलाब होणे म्हणजे ॲलर्जी नव्हे.

अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या कागदपत्रांत या ॲलर्जीची नोंद असते. मात्र तपासणीअंती त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना औषध सोसते. अतिदक्षता विभागात अशा नोंदीमुळे व्हँकोमायसीन, फ्लुरोक्विनोलोन इ. पर्यायी औषधांचा वापर वाढतो. परिणामी मेथिसिलीनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि आतड्यातील क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल यांच्या संसर्गाचा धोका बळावतो. शिवाय मेथिसिलीनला दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर व्हँकोमायसीन हे सेफाझोलीन या प्रतिजैविकापेक्षा कमी प्रभावी ठरते.

सेफाझोलीनच्या रेणूची पार्श्वशृंखला पेनिसिलिनांहून वेगळी असल्याने ते ॲलर्जीची नोंद असलेल्या बहुतेकांना चालते. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्यांना कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकांचीही प्रतिक्रिया येण्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. निदानासाठी पूर्वेतिहास, त्वचाचाचणी व देखरेखीखाली दिलेली चाचणीमात्रा उपयोगी पडतात. हिस्टामीनरोधके चालू असल्यास त्वचाचाचणी फसवी ठरू शकते. स्टीव्हन्स–जॉन्सन लक्षणसमूह (त्वचा सोलवटणारी गंभीर औषधप्रतिक्रिया) होऊन गेलेल्यांना चाचणीमात्रा देत नाहीत.