पटावरची मुले

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, तिच्यापुढे विडा-सुपारी ठेवतो आणि मगच तिच्यात पहिला आकडा लिहितो. शाळेच्या रजिस्टराला असा मान कुणी दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वस्तुतः वाण्याच्या चोपडीत कोण कुणाचे किती देणे लागतो एवढेच कळते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात गावचा माणूस कोण, कुणाचा, कोणत्या जातीचा, केव्हा जन्मला, शाळेत केव्हा आला आणि का सोडून गेला, हे सगळे एका ओळीत मांडलेले असते. त्या ओळींच्या बेरजा करून दरसाल वर पाठवायच्या, हे आम्हा मास्तरमंडळींचे काम. चकली-चिवड्यासोबत वाचायला हा विषय कोरडा आहे खरा; परंतु या बेरजांना दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आमच्या नागभीडकडच्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात त्या बेरजेवर पुष्कळांचे पुष्कळ काही अवलंबून राहिले आहे.

इंग्रजी अमदानीत हा खटाटोप मोठ्या प्रमाणावर प्रथम मद्रास इलाख्यात झाला. तिथला गव्हर्नर सर टॉमस मन्रो याने १८२२ साली जिल्ह्याजिल्ह्याच्या कलेक्टरांकडून शाळांची माहिती मागविली. सोबत छापील नमुना होता. ब्राह्मण, वैश्य, शूद्र, इतर जाती, मुसलमान, असे रकाने आणि प्रत्येकात मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. आजच्या तक्त्याचा हा पणजोबाच म्हणायचा. उत्तरे यायला वर्षे लागली. १८२६ साली मन्रोने गोळाबेरीज मांडली, तेव्हा सव्वा कोटीच्या वर वस्तीत १२,४९८ शाळा आणि सुमारे १ लाख ८८ हजार विद्यार्थी भरले. बल्लारी जिल्ह्याच्या उत्तरात ५३३ शाळा आहेत आणि त्यांतल्या २३ चक्क मराठी आहेत. मराठी माणूस दौतलेखणी घेऊन कुठवर पोहोचला होता, हे अशा ठिकाणी अवचित कळते.

यातला माझा आवडता कलेक्टर मात्र कानडा जिल्ह्याचा. कारवार त्याच्याच हद्दीत येई. या गृहस्थाने तक्ता भरलाच नाही. आमच्याकडे मुले बहुतेक घरीच शिकतात, ठाम अशा शाळा नाहीत, आणि हा नमुना भरायचा तर फार वेळ जाईल, अशा अर्थाचे पत्र त्याने पाठवून दिले. आज एखाद्या हेडमास्तराने असे पत्र लिहिले तर त्याची वेतनवाढ जाईल! पण त्या पत्रात एक मोठी खरी गोष्ट होती. घरी शिकणाऱ्या पोराला रकाना कुठला? मद्रास शहराच्या आकड्यांत साडेपाच हजार मुले शाळेत आणि सुमारे सत्तावीस हजार घरी शिकणारी दाखविली होती. हा आकडा पाहून खुद्द मन्रोलाच शंका आली.

ती शंका निस्तरायला पायी हिंडणारा माणूस हवा होता. तो बंगालला मिळाला. विल्यम ॲडम नावाचा हा पाद्री १८३५ साली राजशाही जिल्ह्यातल्या नाटोर ठाण्याच्या गावागावांतून चौकशी करीत गेला. ४८५ गावांत त्याला अवघ्या २७ प्राथमिक शाळा आणि २६२ मुले मिळाली. कुणीही म्हणेल, अंधार आहे. पण ॲडमने घरांतही विचारले, आणि १,५८८ घरांत मिळून २,३८२ मुले बापाकडून किंवा काकाकडून लिहा-वाचायला शिकत असलेली आढळली. म्हणजे नुसती शाळा मोजणाऱ्याला दहातले नऊ विद्यार्थी दिसलेच नसते. मुलांची मोजदाद कशी करावी, याचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

आपल्या मुंबई इलाख्यातही एल्फिन्स्टनच्या सरकारने १८२४ साली कलेक्टरांना असेच प्रश्न धाडले. पुढे बेरीज आली ती १,७०५ शाळा आणि ३५,१४३ मुले. ही माहिती कलेक्टराने मामलेदाराला, मामलेदाराने पाटील-कुळकर्ण्याला विचारून जमविलेली. शिक्षणाभ्यासक परुळेकर यांनी विसाव्या शतकात ही दप्तरे शोधून छापली आणि त्यांतल्या त्रुटी व घरगुती शिक्षणाची गाळलेली बाजू दाखवून दिली. कागद वर चढताना त्याचा खरेपणा पायरीपायरीला झिजतो, हे तेव्हापासूनचे आहे.

आमचा चांदा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, म्हणून एल्फिन्स्टनचा कागद आमच्यापर्यंत आलाच नाही. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला, आणि मग सरकारी शाळांबरोबर रजिस्टरे आली. ‘दाखल-खारीज’ हा शब्द त्या नागपुरी अमदानीचा. पुणे-मुंबईकडचे लोक ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. आम्ही अजून दाखल-खारीजच म्हणतो. पुढे मालक बदलत गेले. १९५६ साली आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, १९६२ साली जिल्हा परिषदेकडे. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि ब्रह्मपुरी तहसिलीतले आमचे नागभीडही पुढे स्वतंत्र तालुका झाले. तक्त्याच्या माथ्यावरची नावे बदलली. रजिस्टर तेच राहिले.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. तक्त्यात काय विचारतात यापेक्षा तो कोणत्या तारखेचा मागतात, याला आमच्याकडे फार महत्त्व आहे.

स्वातंत्र्यानंतर देशभराची पहिली शैक्षणिक पाहणी झाली, तिची तारीख होती ३१ मार्च १९५७. काम मोठे चांगले झाले. तिने देशातल्या सुमारे ८ लाख ४० हजार वस्त्यांची नोंद केली आणि कोणत्या वस्तीला शाळा जवळ आहे, कोणत्या वस्तीला नाही, हे ठरविले. आमच्या झाडीत गाव म्हणजे एक मुख्य वस्ती आणि चार दिशांना विखुरलेले टोले. त्यांच्या दृष्टीने ही मोजणी उपकारकच होती. पण तारीख! मार्चच्या अखेरीस आमच्या रानात मोह पडतो. मोहफूल पहाटे गळते. ऊन चढायच्या आत, गुरे-हरणे येण्याच्या आधी ते वेचून टोपलीत पडले पाहिजे. त्या पंधरा-वीस दिवसांत घरातले म्हातारे, बाया, पोरे सगळी झाडाखाली असतात. शाळेची घंटा ऐकायला गावात कोण असणार? आकडा पटाचा मागतात, हजेरीचा नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु मार्चपर्यंत पटही गळलेला असतो. आषाढात नाव घातलेले पोर दिवाळीपर्यंत टिकते, संक्रांतीला डळमळते आणि शिमग्यापर्यंत मोकळे होते.

दुसरी पाहणी ३१ डिसेंबर १९६५ ची, तिसरी ३१ डिसेंबर १९७३ ची. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे मळणी आटोपत आलेली आणि मंडईचे, नाटकांचे दिवस. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव रात्ररात्र नाटके चालतात. दुसऱ्या दिवशी वर्गात जी मुले येतात ती अर्धी झोपलेली. त्यांना हजर म्हणावे की नाही, हा प्रश्न एखाद्या न्यायाधीशापुढे ठेवण्यासारखा आहे. असो. १९७८ च्या चौथ्या पाहणीपासून तारीख ३० सप्टेंबर झाली, ती १९८६, १९९३, २००२ आणि २००९ च्या पाहण्यांना तशीच राहिली. दिल्लीत तिचे कारण काही का असेना, धानाच्या मुलखाला यासारखी तारीख नाही. परे रोवून झालेले असतात, निंदण संपत आलेले असते, बांधीत लोंबी भरत असते आणि कापणीला अवकाश असतो. शाळा भरते ती याच दिवसांत. म्हणूनच ३० सप्टेंबरच्या पटावर आमचे गाव सर्वांत शिकलेले दिसते.

या तारखेच्या पटावरून मास्तरांची संख्या ठरते. तिला आम्ही संचमान्यता म्हणतो. पट वीसच्या खाली गेला की शाळेच्या दारात कुऱ्हाड उभी राहते. पट वाढला की एक शिक्षक वाढतो. तांदूळ, गणवेश, पुस्तके, सारे डोईमागे. १९९५ साली दरमहा तीन किलो धान्याची योजना आली तेव्हा ८० टक्के हजेरीची अट होती. या अटीने हजेरीपट जितके सुंदर झाले तितके कोणत्याही इन्स्पेक्टरच्या धाकाने झाले नव्हते.

अशा ठिकाणी खोटी मुले जन्माला येणारच. नांदेड जिल्ह्यातल्या तपासणीत ती उघडी पडली, आणि मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्र सरकारने सगळ्या राज्यात एकदम पटपडताळणी केली. एकच पोर दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. पटावर असलेली सुमारे २० लाख मुले त्या तीन दिवसांत सापडली नाहीत. मी कादंबऱ्या लिहितो. एका कादंबरीत पंधरा-वीस पात्रे उभी करताना माझी दमछाक होते. या वीस लाख पात्रांच्या कर्त्यांपुढे मी हात जोडतो. तरी एक सांगितले पाहिजे. न सापडलेले प्रत्येक पोर खोटे होते असे नव्हे. काही तापाने फणफणलेली होती, काही मामाकडे गेलेली होती, काही ऊसतोडीच्या वाटेला लागायच्या बेतात होती. शाईने एवढेच सिद्ध होते की त्या दिवशी ते बोट तिथे होते.

खोट्या मुलांची एवढी चर्चा झाली. खोट्या जन्मतारखांची कुणी केली नाही. जुने रजिस्टर उघडून पाहा. अर्धे गाव जून-जुलैच्या एक तारखेला जन्मलेले! नाव घालायला आलेल्या आईला सन ठाऊक नसे. ‘मोठ्या पुराच्या साली’, ‘रोवणीच्या वेळी’ असे ती सांगे. मास्तर मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहत, वय सहा धरत आणि एक जुलै लिहीत. त्या माणसाची नोकरी, निवृत्ती, निवृत्तिवेतन पुढे त्याच तारखेवर चालले.

जातीच्या रकान्याची कथा तर याहून जड आहे. अनुसूचित जमातीचा दाखला पडताळायचा तर घराण्याची १९५० पूर्वीची नोंद शोधतात. भटक्या-विमुक्तांना १९६१, इतर मागासवर्गीयांना १९६७ ही साले पाहतात. त्या काळी आमच्या भागात शिकलेल्या माणसाचा लेखी पुरावा असा तो शाळेत सापडतो. माना, हलबा, गोवारी या मंडळींच्या कित्येक घरांचे दावे अशा एका शब्दावर तरले किंवा बुडाले आहेत. त्या वेळच्या मास्तराने आजोबाला विचारले असेल, आजोबाने जे सांगितले ते त्याने आपल्या कानाला आले तसे लिहिले असेल. पुढे सत्तर वर्षांनी नातू त्या अक्षराला भिंग लावून पाहतो. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा महसुली दप्तरांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही उलटली गेली. आमच्याकडेही दर उन्हाळ्यात, बारावीचा निकाल लागला की, एखादा मुलगा वडिलांना घेऊन शाळेत येतो आणि पणजोबाचे नाव आहे का म्हणून विचारतो. मी वाळवीने कडा खाल्लेले रजिस्टर हळूच उघडतो. नाव सापडले की वडिलांना ते वाचायचे नसते, हात लावायचा असतो.

आताचे रजिस्टर यंत्रात आहे. १९९४-९५ पासून देशात काही जिल्ह्यांत ‘डायस’ सुरू झाले, २०१२-१३ साली प्राथमिक-माध्यमिक एकत्र होऊन ‘यू-डायस’ झाले, २०१५ साली राज्याचे ‘सरल’ आले. प्रत्येक शाळेला अकरा आकड्यांचा क्रमांक. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांचा २७१३ ने सुरू होतो. २०२२-२३ पासून बेरीज मागणे थांबले आणि एकेका मुलाचे नाव, आधार, उंची, वजन, रक्तगट अशी वेगळी ओळ मागू लागले. खोटी मुले यामुळे आटली, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. पण रजिस्टरात ‘शेवंता’ आणि आधारवर ‘सेवंता’ असली की यंत्र म्हणते, जुळत नाही. संचमान्यतेला आधार जुळलेली मुले धरू लागले, तेव्हा समोर बाकावर बसून पाढे म्हणणारी सेवंता हिशेबात नव्हती. पूर्वी नसलेली मुले पटावर होती. आता असलेली मुले पटाबाहेर राहू लागली.

आणि शाळा सोडून गेलेल्या, पण दुसऱ्या शाळेने अजून न घेतलेल्या मुलासाठी यंत्रात ‘ड्रॉपबॉक्स’ नावाची जागा केली आहे. पूर्वी अशा मुलाच्या नावापुढे लाल शाईने ‘खारीज’ लिहीत आणि विषय संपे. आता ते नाव त्या पेटीत पडून राहते, आणि वरून विचारणा होत राहते की हा मुलगा कुठे गेला? प्रश्न रास्त आहे. उत्तर आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते.

पौषात धान विकून झाले की नागभीड, सिंदेवाही, मूलकडची आणि गडचिरोलीकडची कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. धाकटे पोर मागे ठेवायला घरी कुणी नसते, म्हणून तेही जाते; थोरले त्याला सांभाळायला जाते. त्यांचे नाव आम्ही काढत नाही, काढायचेही नसते. ३० सप्टेंबरला ती पटावर होती, तेव्हा तक्ता खरा आहे. जाणाऱ्या मुलासाठी सरकारने शिक्षण हमी कार्ड काढले आहे. ते दाखविले की जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. कार्ड मराठीत असते आणि खम्ममच्या वाटेवरली शाळा तेलुगूत. दोन-तीन महिन्यांनी ही माणसे वर्षाची मिरची पोत्यात घालून परततात. पोरे शाळेत येतात ती हातांची आग होते म्हणून पेन्सिल चिमटीत धरून. बाकावर त्यांची जागा मी रिकामी ठेवलेली असते. आठ-दहा दिवस ती नीट बसतात, आणि तेवढ्यात मोह पडायला लागतो.