कोंबडा, किरण आणि अपस्करण

पोळ्याला यवतमाळकडच्या गावांत बैल तोरणाखाली उभे राहतात, तेव्हा एखादा उमदा बैल पायाने माती उकरून मागे फेकतो. संस्कृतात या कृतीला स्वतंत्र क्रियापद आहे : अपस्किरते. ‘विखुरणे’ या अर्थाच्या कॄ धातूला ‘अप’ लागला आणि उकरणारा चतुष्पाद किंवा पक्षी असला, की मध्ये ‘स्’ येतो, असं पाणिनी सांगतो (६.१.१४२). काशिकावृत्तीतली उदाहरणं तर थेट गावातली आहेत : हर्षलेला बैल, दाणे शोधणारा कोंबडा, बसायला जागा करणारा कुत्रा.

शाळेच्या विज्ञानातलं ‘प्रकाशाचे अपस्करण’ याच घराण्यातलं. लोलकातून जाताना पांढऱ्या प्रकाशाचे रंग सुटे होतात, त्याचं हे नाव. हिंदीने वर्ण-विक्षेपण पसंत केलं. कॄचं गोत मोठं आहे. विखुरणे, उकरणे त्याचेच. कोंबडा ज्यावर राबतो तो उकिरडाही, आणि किरणसुद्धा. खाणीला संस्कृतात आकर म्हणतात, तेव्हा वणीच्या कोळशाची खाणही या गोतात येते.

अपस्करण शब्द मला मनापासून आवडतो, पण तो परिणाम सांगतो, कारण नाही. कारण वेगात आहे. निर्वातात सगळे रंग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. काचेत शिरलेला तरंग मात्र तिथल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो, आणि त्यांची स्वतःची नैसर्गिक वारंवारता अतिनील पट्ट्यात असते. जांभळा तिच्या जास्त जवळ, म्हणून त्याला प्रतिसाद मोठा, चाल मंद आणि वळणही अधिक. साध्या काचेचा अपवर्तनांक तांबड्यासाठी सुमारे १.५१, तर जांभळ्यासाठी १.५३ असतो. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यामागेही पाण्यातला असाच बारीक फरक आहे.

इंटरनेटच्या काचतंतूत रंग बाजूला पसरायला जागाच नसते. तिथे स्पंद काळात पसरतो : आखरावरून एकत्र निघालेली गुरं गायकी कितीही हाकलो, रानात पोचेपर्यंत लांबत जातात तसा. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी नेहमीच्या तंतूत दर किलोमीटरला, स्पंदाच्या तरंगलांबीतल्या दर नॅनोमीटर रुंदीमागे सुमारे १७ पिकोसेकंद पसरण होते. यवतमाळ ते नागपूर साधारण १५० किलोमीटर धरा आणि स्पंदाची रुंदी ०.१ नॅनोमीटर, तर पसरण अडीचशे पिकोसेकंदांच्या वर जाते. सेकंदाला १० अब्ज बिट पाठवायचे असतील तर एका बिटाच्या वाट्याला जेमतेम १०० पिकोसेकंद येतात. म्हणजे शेजारचे बिट एकमेकांत मिसळणार.

इथे लोलकाचा क्रमही उलटतो : साधारण १३०० नॅनोमीटरच्या पुढे तोकड्या तरंगलांबीचा भाग आधी पोचतो. म्हणून अभियंते वाटेत उलट गुणाच्या तंतूचं वेटोळं जोडतात. त्यात पुढे गेलेला भाग मंदावतो, मागचा त्याला गाठतो आणि स्पंद पुन्हा आखूड होतो.