घन ऑक्साइडांतील विद्युत्प्रेरित वहन : तराजूचा पुरावा आणि पृष्ठभागाची वाट

घन पदार्थ वितळल्याखेरीज अथवा विरघळल्याखेरीज परस्परांशी संयोग पावत नाहीत, ही जुन्या रसायनज्ञांची समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेडवाल व टामान यांच्या प्रयोगांनी मोडीत निघाली. मग प्रश्न उरला तो असा की, परस्परांस टेकलेल्या दोन घन चकत्यांमध्ये प्रवास करतो तो कोणता आयन?

विजेच्या साह्याने याचे उत्तर काढण्याची रीत जर्मनीतील हाले येथे टुबांट यांनी घालून दिली. क्षाराच्या दाबून केलेल्या चकत्या दोन अग्रांमध्ये ओळीने ठेवावयाच्या, प्रवाह सोडावयाचा आणि नंतर प्रत्येक चकती निराळी तोलावयाची. सिल्व्हर आयोडाइडच्या बाबतीत धनाग्राचे रुपे जितके घटले तितकेच ते ऋणाग्राकडे वाढले. मधल्या चकतीचे वजन ढळले नाही. अर्थात रुप्याचा आयनच तेवढा वाहतो! युक्ती इतकी सरळ आहे की, तिच्यातील गृहीतकाकडे सहसा लक्ष जात नाही. वजनातील फरक हा स्फटिकांच्या अंतर्भागातील वहनाचाच होय, असे ती धरून चालते.

१९३६ मध्ये वाग्नर यांनी स्पिनेलनिर्मितीची उपपत्ती मांडली. तीन मॅग्नेशियम आयन एका दिशेस, दोन ॲल्युमिनियम आयन उलट दिशेस, विद्युत्भार समतोल. त्यामुळे मूळ सीमेच्या ॲल्युमिनाकडील बाजूस तीन भाग व मॅग्नेशियाकडील बाजूस एक भाग स्पिनेल तयार व्हावे. हाही हिशेब अंतर्भागाचाच.

टंगस्टेटांनी तो बिघडविला. उरल विद्यापीठात नाइमन व त्यांचे सहकारी यांनी कॅल्शियम टंगस्टेटची चकती टंगस्टन ट्राय-ऑक्साइडच्या चकत्यांमध्ये ठेवून उच्च तापमानास विद्युत्क्षेत्र लावले. ट्राय-ऑक्साइड टंगस्टेटात शिरले. परंतु स्फटिक भेदून नव्हे, तर कणांच्या पृष्ठभागांवरून पातळ थराच्या रूपाने पसरत. क्षेत्राविना होणारे असे पसरणे उत्प्रेरकांच्या अभ्यासकांना परिचित आहे. मॉलिब्डेनम ट्राय-ऑक्साइड तापविले असता ॲल्युमिनावर तसेच पसरते, कारण त्यायोगे पृष्ठऊर्जा घटते.

तराजू खोटे बोलला नव्हता. पण वाट कोणती, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून दाबलेल्या चकत्यांवरून काढलेले जुने वहनांक वाचताना चकतीची सच्छिद्रता व कणांचा आकार आधी पाहावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एकस्फटिकावर हीच मोजणी केली असता आतील पृष्ठभागांची वाट बंद होते, आणि उरेल तो फरक अंतर्भागाच्या खाती अधिक विश्वासाने मांडता येतो.