वेठीचा शब्द

'द टर्मिनेटर' मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना, भाड्यानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. जेम्स कॅमेरॉनचा हा चित्रपट १९८४ चा. २०२९ सालची यंत्रं एका तरुणीला मारायला भूतकाळात मारेकरी पाठवतात, कारण तिचा मुलगा पुढे माणसांच्या लढ्याचा नेता होणार असतो. त्या वयात लक्षात राहिला तो आगीतून उठणारा धातूचा सांगाडा.

पुढे एम.ए.ला कारेल चापेकचं 'आर.यू.आर.' वाचलं. १९२० साली छापलेलं, १९२१ मध्ये रंगमंचावर आलेलं हे चेक नाटक. 'रोबो' हा शब्द जगाला त्यातून मिळाला. सुचवला होता चापेकच्या भावानं, चित्रकार योसेफनं. नाटकातले रोबो लोखंडी नाहीत. कारखान्यात घडवलेली, माणसासारखीच दिसणारी ती राबणारी शरीरं आहेत. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी कुळानं सक्तीनं करायचं काम. हाब्सबुर्ग साम्राज्यात ती प्रथा १८४८ साली रद्द झाली.

म्हणजे आपली वेठच. मराठीत रोबोला 'यंत्रमानव' म्हणतात. एका विज्ञानकथेच्या अनुवादात मीही तोच शब्द लिहून मोकळी झाले. शब्द चुकीचा नाही. पण त्यात यंत्र आलं, मानव आला, वेठ तेवढी गळली. खरं तर या देशात तिला नावांचा तोटा नाही: संस्कृतात विष्टि, कन्नडमध्ये बिट्टी, तेलुगूत वेट्टी, हिंदीत बेगार. १९५० साली अंमलात आलेल्या संविधानानं बेगारीला मनाई केली, तरी वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली करावाच लागला.

एवढं कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला. भविष्यातून आलेला सैनिक काइल रीस सेराला हातावर डागलेली खूण दाखवतो. यंत्रांच्या छावणीत काही माणसांना जिवंत ठेवलं होतं, प्रेतं वाहायला. लहानपणी हा प्रसंग माझ्या नजरेतून निसटला होता. यंत्रं मालक झाली आणि रोबोता माणसांच्या वाट्याला आली. चापेकच्या नाटकात बंडखोर रोबो माणसांचा संहार करतात, पण अल्क्विस्टला सोडतात, कारण तो स्वतःच्या हातांनी काम करतो. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: राबायचं कुणी?

आपल्याकडे संपाच्या बातमीत 'कामगारांनी जनतेला वेठीला धरलं' असं सर्रास छापून येतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेठीला धरलं, त्यांनी हात आखडताच तेच धरणारे ठरतात. पडद्यावरच्या बंडखोर यंत्रांची भीती मला आता याच जातीची वाटते.

त्या अनुवादाची नवी आवृत्ती निघाली, तर 'यंत्रमानव' बहुधा तसाच ठेवीन. वाचकाला तो चटकन कळतो. पण तो कथेत पहिल्यांदा येतो त्या वाक्यात 'वेठीला' हा एक शब्द घालीन.